काचेवरच्या दोन रेघा

पट्टीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं नाव त्यांना होतं. पण नकाशे काढायच्या ऑफिसात उभा जन्म गेला, तिथे सगळे पट्टीसाहेब म्हणायचे, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट अभिमानच होता. पुलांचे, टाक्यांचे, गोदामांचे नकाशे त्यांनी शाईने काढले होते. टी आकाराची लांब पट्टी, म्हणजे टी-स्क्वेअर, टेबलाच्या कडेला लावायचा, श्वास रोखायचा आणि पेन डावीकडून उजवीकडे एकदाच ओढायचं. पुन्हा गिरवायचं नाही. "माझी रेघ म्हणजे काळ्या दगडावरची," असं ते म्हणत, आणि समोरच्याने मान हलवेपर्यंत विषय बदलत नसत.

आकड्यांचं मात्र त्यांना वावडं होतं. ऑफिसची पद्धतच तशी होती. रेघा पट्टीसाहेबांनी ओढायच्या आणि मापं इंजिनियरने भरायची. एकदा एका टाकीची उंची चुकीची लिहिली गेली, टाकी बांधून झाल्यावर ते लक्षात आलं आणि चौकशी लागली. तेव्हा पट्टीसाहेब छाती पुढे काढून चौकशीवाल्यांना म्हणाले होते, "रेघ बघा. रेघेत काही खोट आहे का?" नव्हती. इंजिनियरची बदली झाली आणि पट्टीसाहेब सुटले. आकडा हे दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचं लोढणं आहे, हे ज्ञान त्यांना त्या दिवशी झालं आणि पुढे ते त्यांनी जिवापाड जपलं.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. पट्टीसाहेबांनी माउस हातात धरला की पडद्यावरची रेघ तापातल्या माणसासारखी थरथरायची. हे यंत्र तिरकं आहे, असं त्यांनी वर लेखी कळवलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं वरिष्ठ तोंडावर म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त मुदतीआधी निरोप दिला आणि भाषणात 'सरळ माणूस' हा शब्द दोनदा वापरला.

घरी बसलेल्या माणसाला कुणीतरी शहाणपण शिकवायला हवंच असतं. पट्टीसाहेबांना ते कोट घातलेल्या एका तरुणाने शिकवलं, मोबाइलच्या व्हिडिओतून. त्याने शेअरच्या भावाची वरखाली नागमोडी आकृती दाखवली, तिच्या डोक्यावर एक आडवी रेघ मारली, पायाशी एक मारली आणि सांगितलं की संपलं, एवढंच आहे. वरच्या रेघेला रेझिस्टन्स म्हणायचं, तिला भाव लागला की खाली येतो. खालच्या रेघेला सपोर्ट म्हणायचं, तिच्यावर भाव टेकला की वर उठतो. खाली घ्यायचं, वर विकायचं. मात्र रेघ मोडून भाव पलीकडे गेला, की हातातलं सगळं टाकून निघायचं.

पट्टीसाहेब जागचे उठून उभे राहिले. जग इतकी वर्षं कशाकशाने श्रीमंत होत होतं, आणि शेवटी सगळा खेळ रेघेचाच निघाला.

जावई सुट्टीला आला होता. त्याने जुना कॉम्प्युटर हॉलमधल्या भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिला, शेअरचं खातं उघडून दिलं आणि पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचा चार्ट पडद्यावर लावून दिला. "बाबा, हे बटण दाबायचं आणि हव्या त्या भावावर माउस नेऊन सोडायचा. रेघ त्या भावालाच चिकटून राहते." पट्टीसाहेबांनी बटण दाबलं. एक रेघ तिरकी पडली, दुसरी कुठे पडली ते कळलंच नाही, आणि तिसऱ्या खेपेला चार्ट नाहीसा झाला. जावयाने तो परत आणला, पुन्हा शिकवलं, आणि सुट्टी संपल्यावर आपल्या गावी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी पट्टीसाहेबांनी कपाटावरून टी-स्क्वेअर खाली काढला, धूळ झटकली आणि खोकी-पेट्यांवर नावं घालायचा जाड काळा मार्कर घेतला. बायको खिडकीशी शिलाईमशीनवर बसली होती. तिने मशीन थांबवलं.

"अहो, टीव्हीवर?"

"मग काय हवेत काढू?"

"अहो, पण तो मार्कर पुसला जात नाही."

"पुसली जाते ती रेघच नव्हे," पट्टीसाहेब म्हणाले. त्यांनी टी-स्क्वेअर टीव्हीच्या कडेला लावला, श्वास रोखला आणि काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन रेघा ओढल्या. एक आकृतीच्या सगळ्यात उंच टोकाला लागून आणि एक सगळ्यात खोल टोकाला लागून. रेघा सुंदर आल्या होत्या, हे कबूल केलं पाहिजे. चार्टच्या उजव्या कडेला बारीक आकड्यांची एक उतरंड होती. ती सारखी हलायची आणि नजर खेचून घ्यायची, म्हणून तिच्यावर त्यांनी वरपासून खालपर्यंत पांढरा कागद डकवून टाकला. आता पडद्यावर फक्त आकृती उरली आणि त्यांच्या रेघा.

मग चमत्कार सुरू झाला. भाव वर चढे, अगदी वरच्या रेघेपर्यंत जाई, आणि तिथे थांबे. खाली येई, खालच्या रेघेला टेके, आणि थांबे. दिवस गेले, आठवडे गेले, रेघ काही मोडेना. कोटवाल्या तरुणाच्या रेघा अधूनमधून मोडत आणि तो लगेच नव्या मारून घेई. पट्टीसाहेब त्याच्याकडे आता करुणेने बघू लागले. कधीकधी आकृतीतले जुने डोंगर एकाएकी आखडून बुटके होत आणि दऱ्या उथळ होत. ते त्यांच्या नजरेतून सुटलं होतं असं नाही. पण बाजार आपल्या रेघेपुढे अंग चोरतो आहे, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला आणि तो त्यांना पटलाही.

संध्याकाळी त्याच टीव्हीवर बायको तिची मालिका बघे. नायिकेच्या कपाळावरून रेझिस्टन्स जाई आणि हनुवटीखालून सपोर्ट. बायको पहिले काही दिवस मान वाकडी करून बघत होती. मग तिला सवय झाली. लग्नापासून तिला बऱ्याच गोष्टींची अशी सवय झालेली होती.

खाली तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की चष्मेवाला वर चहाला यायचा. त्याने आठवडाभर त्या रेघा निरखल्या, एकदा खालच्या रेघेवर शेअर घेतले आणि चार दिवसांनी येऊन म्हणाला, "साहेब, जमलं." झालं. जिन्यातली आणखी मंडळी येऊ लागली. पट्टीसाहेब हातात टी-स्क्वेअर घेऊन भिंतीशी उभे राहत आणि समजावून सांगत. लोक खुर्च्यांवर दाटीवाटीने बसत. बायको मशीन थांबवून चहा टाकी, आणि कपडे दुरुस्तीला घेऊन आलेली बाई दारातच उभी राहून विचारी, "आज काही कार्यक्रम आहे का?"

"तुम्ही किती कमावलेत, साहेब?" असं कुणी विचारलं की पट्टीसाहेब मंद हसत. त्यांनी अजून एक शेअरही घेतलेला नव्हता. कोरड्या जमिनीवर उभं राहून ते पोहण्याचे वर्ग घेत होते. पण ते सांगायचं काय कारण?

इकडे बायकोचं वेगळंच चाललं होतं. ती कपडे दुरुस्त करायची. चेन बदलणं, पँट आखूड करणं, पडदे, अस्तरं. जेवायच्या टेबलावर ती कापड बेतायची आणि जेवायच्या वेळी ते उचलून पलंगावर ठेवायची. गिऱ्हाईक सकाळी दात घासताना येई, दुपारी डोळा लागला की येई, आणि गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्या बायका खालूनच हाका मारत. कोपऱ्यावर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचा एक गाळा होता. तो म्हातारा धंदा बंद करून मुलाकडे जाणार होता. गाळा बारका होता, पण रस्त्याला लागून होता आणि त्याला निळं लाकडी दार होतं. बायको त्या गाळ्यात जाऊन टेप लावून आली होती. मशीन कुठे, आरसा कुठे, पडदा लावून कपडे घालून बघायची जागा कुठे, सगळं तिच्या डोक्यात पक्कं होतं. पैसे तिचेच होते, टाक्या-टाक्याने साठवलेले. महिनाअखेरीला अनामत भरायची, असं मालकाशी ठरलं होतं.

"दार असलं की संध्याकाळी ते लावून घरी येता येतं," ती एकदा म्हणाली. "इथे मी घरीही नसते आणि दुकानातही नसते." पट्टीसाहेबांनी ते ऐकलं. पण त्यांच्या मनात राहिलं ते दुसरंच. महिनाअखेरपर्यंत पैसे नुसते पडून होते.

आणि नेमका भाव खालच्या रेघेवर टेकलेला होता.

"तीन आठवडे," ते म्हणाले. "खाली घ्यायचं, वर विकायचं. तुझी अनामतही निघेल, वर आरशाचे पैसेही निघतील."

बायकोने दात लावून दोरा तोडला. तिला बाजारातलं काही कळत नव्हतं. पण या माणसाच्या रेघांवर घर चाललं होतं, मुलगी शिकली होती, तिचं लग्न झालं होतं. एवढ्या वर्षांत एका रेघेकडे कुणी बोट दाखवलेलं तिने ऐकलं नव्हतं.

"घ्या," ती म्हणाली. "पण एक सांगते. रेघ मोडली की त्याच दिवशी पैसे बाहेर काढायचे. मला विचारत बसायचं नाही आणि उद्या बघू म्हणायचं नाही."

"मोडली तर ना," पट्टीसाहेब म्हणाले आणि सगळे पैसे लावून मोकळे झाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मालिका लावायच्या आधी ती विचारी, "रेघ मोडली का?" आणि ते सांगत, "नाही." यात तसूभर खोटं नव्हतं. भाव रेघेवरच होता. आज होता, उद्या होता, आठवड्याने होता. आकृती वरच्या डाव्या कोपऱ्यातून जिन्यासारखी खाली उतरत उजव्या कोपऱ्यात यायची आणि खालच्या रेघेवर येऊन बसायची. कंपनीच्या कारखान्याला टाळं लागल्याची बातमी आली, तीही पट्टीसाहेबांनी वाचली. वाचून पडद्याकडे पाहिलं. रेघ जागच्या जागी होती. "बातम्या घाबरटांसाठी असतात," ते म्हणाले. खातं उघडून बघावं असं त्यांना एकदोनदा वाटलं. पण रोज खातं बघणारा जुगारी असतो, असं कोटवाल्या तरुणाने सांगितलं होतं, आणि खात्यात आकड्यांशिवाय दुसरं काही नव्हतंच. चष्मेवाल्याचं येणं अलीकडे कमी झालं होतं. हंगाम असेल, असं त्यांनी धरलं. चष्म्याला कसला हंगाम, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

महिना संपायला आला. गाळ्याच्या मालकाचा फोन आला की सकाळी पैसे घेऊन या, आणखी एकजण मागतो आहे. बायको मशीनवर झाकण घालून हात पुसत त्यांच्याजवळ येऊन बसली.

"काढा आता."

"आणखी आठ दिवस थांबलीस तर..."

"रेघ मोडली का?"

"नाही."

"मग काढा. मला आरसा नको. माझे होते तेवढेच द्या."

पट्टीसाहेबांनी मोबाइलवर खातं उघडलं. बघितलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. जेवढे लावले होते त्याचा पाव वाटाही उरला नव्हता.

"हे कुणाचं तरी दुसऱ्याचं खातं आहे," ते म्हणाले.

बायकोने मोबाइल हातात घेतला. मग वर टीव्हीकडे बघितलं. भाव खालच्या रेघेवर निवांत टेकलेला होता. "अहो, पण रेघ तर मोडलेली नाही," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि पट्टीसाहेबांना त्या दिवशी सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

जावयाला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर टाकला. पट्टीसाहेबांनी खात्यात गडबड झाल्याची तक्रार सांगितली. तिकडे थोडी खटखट ऐकू आली.

"बाबा, खातं बरोबर आहे. तो शेअर महिनाभर पडतोच आहे. सपोर्ट कधीच तुटला."

"तुटलेला नाही. माझ्या डोळ्यांसमोर आहे. भाव रेघेवर आहे."

"असं कसं होईल? रेघ भावाला चिकटलेली असते. भाव पडला की रेघ वर राहते आणि आकृती तिच्याखाली जाते. तुम्ही रेघ कशी काढलीत?"

पट्टीसाहेबांनी टीव्हीकडे पाहिलं.

"मार्करने," बायको म्हणाली. "काचेवर."

जावई हसला नाही, पण न हसण्याचे त्याला किती कष्ट पडत होते ते ऐकू येत होतं. मग त्याने सावकाश सांगितलं. चार्ट आपोआप पडद्यात मावतो. भाव वर गेला, खाली गेला, कुठेही गेला तरी सगळ्यात उंच टोक वरच्या कडेजवळ आणि सगळ्यात खोल टोक खालच्या कडेजवळ असं सगळं चित्र बसवून घेतो. बदलतात ते फक्त बाजूचे आकडे. "त्या काचेवरच्या रेघा कधीच मोडणार नाहीत, बाबा. शेअर शून्यावर गेला तरी नाही. बाजूच्या आकड्यांवरून तुमच्या लक्षात नाही आलं?"

बायको उठली. टीव्हीजवळ गेली आणि उजव्या कडेचा तो पांढरा कागद तिने नखाने सोलून काढला. खाली बारीक आकड्यांची उतरंड हलत होती.

"आपण घेतले तेव्हा खालच्या रेघेसमोर कोणता आकडा होता?"

"मी आकडा बघितला नव्हता," पट्टीसाहेब म्हणाले. आणि जन्मभराच्या सवयीने पुढचं वाक्य त्यांच्या जिभेवर आलंच होतं, रेघ बघ, रेघेत काही खोट आहे का. ते त्यांनी गिळलं. या खेपेला बदली करायला दुसरा कुणी नव्हता. त्यांना लाज वाटली. लाज म्हणजे कानाच्या पाळ्या तापेपर्यंत लाज.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने कागदाची गुंडाळी केली, केराच्या डब्यात टाकली, गाळ्याच्या मालकाला फोन करून जमत नसल्याचं सांगितलं आणि मशीनवरचं झाकण काढून एका पँटची चेन लावायला बसली. गिऱ्हाईक सकाळी येणार होतं.

बातमी जिन्याने खाली गेली. चष्मेवाला वर आला, खुर्चीच्या टोकावर बसला आणि म्हणाला, "साहेब, मी तर तुमच्या आधीच बुडालो होतो."

"तुम्ही म्हणालात जमलं."

"एकदा जमलं होतं. नंतर दोनदा पार झोपलो. पण बाकीचे सगळे खूश दिसत होते. म्हटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल."

बाकीच्यांचंही तेच निघालं. प्रत्येकजण बुडालेला होता, आणि दुसरे कमावत आहेत म्हणून प्रत्येकाने झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवून चहा घेतला होता. चष्मेवाल्याचा तर धंदाच मुळी लोकांना धड दिसायला लावण्याचा. पट्टीसाहेब त्याच्याकडे बघत राहिले. त्याने रेघांकडे एकवार पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "पण चूक आता कळली आहे. एकदा माउसने काढून बघायच्या का?"

पट्टीसाहेबांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि दारापर्यंत पोचवलं.

कोपऱ्यावरच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा आला. त्याने निळं दार काढून लोखंडी शटर बसवलं. पट्टीसाहेबांनी एके दुपारी स्पिरिट आणलं, चिंध्या आणल्या आणि काच घासायला घेतली. रेघ थोडीशीही फिकी होईना. मग ते थिनरची बाटली घेऊन आले. तेव्हा बायको खिडकीशेजारून म्हणाली, "राहू द्या."

"अगं, तुला मालिका नीट दिसत नाही."

"दिसते मला. राहू द्या त्या."

तिने नंतर ते कधी बोलून दाखवलं नाही. फक्त काम वाढलं तसं त्यांना हाताशी घेतलं. कपड्यावर खडूने सरळ रेघ मारणं त्यांच्याइतकं कुणाला जमणार? पण पहिल्याच दिवशी त्यांनी पट्टी उचलली तेव्हा तिने त्यांच्या हातातून खडू काढून घेतला आणि टेप दिली. "रेघ नंतर," ती म्हणाली. "आधी आकडा सांगायचा, मोठ्याने. मी हो म्हटलं की मग रेघ."

अशीच एक गुडघे दुखणारी म्हातारी बाई पुन्हा पुन्हा थांबत जिना चढून आली. झगा खालून आखूड करून हवा होता. बायकोने तिला हॉलमध्ये उभं केलं आणि कडेने टाचण्या लावायला घेतल्या. पट्टीसाहेब टेप घेऊन तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसले. म्हातारीचा श्वास जरा खाली बसला तशी तिची नजर समोर गेली. टीव्हीवर बातम्या चालू होत्या आणि निवेदकाच्या भुवयांवरून एक जाड काळी रेघ गेलेली होती, हनुवटीखालून दुसरी.

"हे काय गं आहे, काचेवर?"

बायकोने ओठांत धरलेल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"ते माझं दुकान," ती म्हणाली.

म्हातारीला काही उलगडलं नाही, पण ती कौतुकाने हसली. पट्टीसाहेबांनी मान वर केली नाही. त्यांनी टेप झग्याच्या कडेला लावली आणि आकडा सांगितला.

"नीट बघा," बायको म्हणाली.

त्यांनी नीट बघितलं आणि पुन्हा सांगितला.